कॅप्टन ते प्रोफेसर : मायकेल हॉवर्ड आणि युद्धाचा इतिहास लिहायची रीत

बारगीर (धागाकर्ता)

पानिपतच्या धाग्यावर परवा पुन्हा तेच झालं, भाऊ चुकला की होळकर पळाला, मग जातीवर घसरले आणि शेवटी संपादकांनी कुलूप घातलं. त्या गदारोळात एका आयडीने विचारलं होतं की युद्धाचा इतिहास हा विषय विद्यापीठात कुणी गंभीरपणे घेतं तरी का, की सगळं रिटायर्ड जनरल आणि कादंबरीकारांवर सोडून दिलंय. प्रश्न चांगला होता, उत्तर द्यायच्या आत कुलूप लागलं म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

या विषयाला इंग्लंडात विद्यापीठाची पायरी चढायला लावणारा माणूस म्हणजे सर मायकेल हॉवर्ड. जन्म २९ नोव्हेंबर १९२२, लंडन. वडलांकडचं घराणं क्वेकर, म्हणजे युद्धच नको म्हणणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं, धंदा औषधांचा, त्यातही क्विनीनचा, आई मूळ जर्मन ज्यू घरातली. असल्या घरातला मुलगा पुढे आयुष्यभर युद्ध शिकवणार होता. शाळा कुठली, तर वेलिंग्टन कॉलेज, जे ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ काढलेलं. हा ड्यूक म्हणजे आपल्या असईच्या लढाईतला आर्थर वेल्स्लीच.

१९४१ ला ऑक्सफर्डला इतिहास शिकायला गेला, पण युद्ध चालू होतं, मग कोल्डस्ट्रीम गार्ड्समध्ये कमिशन घेतलं आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरला. तिथे एका टेकडीवर संगिनी लावून हल्ला केला त्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला, तेव्हा वय वर्षं फक्त २०. पुढे इटलीतच दोनदा जखमी झाला, मलेरियाही झाला (घरात क्विनीनचा धंदा असून, हे आपलं माझं).

पण मला हा माणूस आवडतो तो या पदकामुळे नाही. म्हातारपणी, २००६ मध्ये, 'कॅप्टन प्रोफेसर' नावाचं आत्मचरित्र लिहिलं त्यात पदकाबरोबर दुसरीही एक गोष्ट लिहून ठेवली. रात्रीच्या गस्तीवर असताना सोबतच्या सैनिकाचा पाय सुरुंगावर पडला, तो जबर जखमी झाला आणि हॉवर्ड त्याला तिथेच सोडून परत आला. हे सांगायची कुणी सक्ती केली नव्हती, ६० वर्षं उलटून गेली होती, पण लिहिलं. मला वाटतं या माणसाच्या सगळ्या इतिहासलेखनाची जात इथे कळते, म्हणजे पदक खरं आणि ते सोडून येणंही खरं, एक मांडून दुसरं झाकायचं नाही.

युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डला परत जाऊन डिग्री पुरी केली, ती सेकंड क्लास. १९४७ ला लंडनच्या किंग्ज कॉलेजात साधा इतिहासाचा असिस्टंट लेक्चरर. जॉन स्पॅरोबरोबर आपल्याच रेजिमेंटचा इतिहास लिहिला (१९५१), आणि एवढ्या शिदोरीवर १९५३ मध्ये तिथेच युद्धाच्या अभ्यासाची जागा मिळाली. तेव्हा या विषयाला अकॅडमिक लोकांत काडीची किंमत नव्हती, नगारे-तुताऱ्यांचा इतिहास म्हणून नाक मुरडायचे, आणि फौजेतल्या लोकांना वाटायचं की हे पुस्तकी प्राध्यापक आम्हाला काय शिकवणार. हॉवर्डने दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि सरळ विषयच मोठा करून टाकला. युद्ध म्हणजे फक्त कुणी कुठून हल्ला केला एवढं नाही, त्यात पैसा आहे, समाज आहे, कायदा आहे, नीती आहे, तंत्रज्ञान आहे, आणि हे सगळं एका छपराखाली शिकवायचं. त्यातूनच साठच्या दशकाच्या सुरुवातीला किंग्जमध्ये वॉर स्टडीज हा स्वतंत्र विभाग उभा राहिला, तो आजही जोरात आहे.

१९६१ मध्ये 'द फ्रँको-प्रशियन वॉर' आलं. १८७० चं फ्रान्स आणि प्रशिया या जर्मन राज्यातलं युद्ध. फ्रान्सचा बादशहा नेपोलियन तिसरा सेडानला कैद झाला आणि जर्मनी नावाचा देश तयार झाला ते. आता या युद्धात फ्रेंचांची रायफल, शास्पो, ही प्रशियाच्या नीडल गनपेक्षा कितीतरी लांब मारा करणारी होती. त्यांच्याकडे मित्राय्यूज नावाची अनेक नळ्यांची बंदूक होती, पण ती इतकी गुप्त ठेवली होती की ती नीट वापरायची कशी हे त्यांच्याच फौजेतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. मग हरले का? शूर कमी होते म्हणून? हॉवर्ड दाखवतो की प्रशियाकडे सेनापती मोल्टकेचा जनरल स्टाफ, म्हणजे मोहिमा आधीच आखून ठेवणारं अधिकाऱ्यांचं खातं होतं, रेल्वेची वेळापत्रकं आधीच बसवलेली होती, क्रुप कारखान्याच्या पोलादी तोफा होत्या, सक्तीच्या लष्करी सेवेतून आलेली राखीव माणसं होती. आणि फ्रान्समध्ये राखीव सैनिक राहणार एका टोकाला, त्याचा डेपो दुसऱ्या टोकाला. झुआव्ह, म्हणजे फ्रेंचांच्या उत्तर आफ्रिकेतल्या पलटणीतल्या माणसाने तर आधी समुद्र ओलांडून अल्जीरियाला जाऊन गणवेश घ्यायचा आणि मग परत जर्मन सरहद्दीवर यायचं. म्हणजे सेडानचा पराभव सेडानच्या मैदानात झालेला नाही, तो आधीची कित्येक वर्षं मंत्रालयात, शाळांत, रेल्वेच्या ऑफिसात होत होता. एक अख्खी व्यवस्था दुसऱ्या व्यवस्थेकडून हरली.

ज्याने स्वतः संगीन चालवली त्याने आयुष्यभर सांगावं की नुसती लढाई बघून युद्ध कळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाकी मोठेपणा थोडक्यात: १९५८ मध्ये लंडनची आयआयएसएस ही सामरिक अभ्यासाची संस्था काढण्यात पुढाकार, १९६८ ला ऑक्सफर्डच्या ऑल सोल्सला, १९७६ मध्ये पीटर पॅरेटबरोबर क्लाउझेविट्झ या जुन्या प्रशियन जनरलच्या युद्धावरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर (व्हिएतनामनंतर अमेरिकन वॉर कॉलेजांत हेच घरोघर), १९७७ ला युद्धेतिहासाची चिचेले प्रोफेसरशिप, १९८० ला ऑक्सफर्डची रीजस प्रोफेसरशिप म्हणजे इतिहासातली सगळ्यात मानाची खुर्ची, १९८६ मध्ये सर, १९८९ ते ९३ येलला, २००५ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. सेकंड क्लासवाल्यांनी नोंद घ्यावी. ३० नोव्हेंबर २०१९ ला गेले, ९७ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

चावडीवाचक

भारी लिहिलंय. वाचनखूण साठवली.

फौजीअण्णा

बारगीर, चांगला विषय काढलास. इटली म्हटल्यावर मला आपली माणसं आठवल्याशिवाय राहत नाहीत. हा हॉवर्ड ज्या मोहिमेत लढला त्याच इटलीच्या मोहिमेत मराठा पलटणी होत्या. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात सेक्शनमधली बाकी सगळी माणसं पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले, ग्रेनेड टाकला, उरलेल्यांना बंदुकीच्या दस्त्याने हाणलं आणि मग स्नायपरच्या गोळीने गेले. मरणोत्तर व्हीसी, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. आणि नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर, ते व्हीसी घेऊन जिवंत परत आले. इंग्रजांच्या पुस्तकात ही नावं असली तर तळटिपेत असतात.

दुसरं असं की बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये रंगरूट असताना आम्हाला हेच किस्से सांगायचे, आणि त्याचा उपयोग होतो. अंधारात पुढे जायचं असतं तेव्हा मोल्टकेची रेल्वे नाही आठवत, घाडगे आठवतो. प्रोफेसर लोकांनी हे विसरू नये.

बारगीर

अण्णा, मस्त मुद्दा, आणि गंमत म्हणजे हॉवर्डने नेमकं यावरच बोलून ठेवलंय. १९६१ मध्ये लष्करी इतिहासाचा उपयोग आणि दुरुपयोग या विषयावर त्याचं एक भाषण झालं, ते लष्करी शाळांत अजून वाचायला लावतात. त्यात तो म्हणतो की पलटणीच्या शौर्यकथा, म्हणजे थोडं वगळून थोडं रंगवून सांगितलेला इतिहास, याला फौजेत जागा आहे, नव्या पोराला उभं राहायला त्याची मदत होते. पण इतिहासकाराचं काम ते नाही. त्याने खरं काय झालं तेच सांगायचं, मग ऐकणाऱ्याचा भ्रमनिरास झाला तरी चालेल, कारण तो होणं हा मोठं होण्याचाच भाग आहे. स्वतः त्या कथा ऐकून युद्धावर गेलेला माणूस हे सांगतोय म्हणून ते कडवट वाटत नाही.

त्याच भाषणात त्याने अधिकाऱ्यांना युद्ध अभ्यासायचे तीन नियम दिले. आधी रुंदी, म्हणजे लांबच्या काळातली बरीच युद्धं बघा, काय बदललं काय नाही ते कळेल. मग खोली, म्हणजे एकच मोहीम घ्या आणि पत्रं, डायऱ्या, सरकारी कागद सगळं उपसा, इतकं की तिची नीटनेटकी आखीव गोष्ट मोडून पडेल आणि आतला गोंधळ दिसायला लागेल. आणि तिसरं संदर्भ, म्हणजे जे समाज लढतायत ते समजून घ्या, कारण हरण्याजिंकण्याची मुळं बऱ्याचदा रणांगणापासून फार लांब असतात.

कटकट्या

सगळं ठीक आहे हो पण हा शेवटी साहेबच ना. गार्ड्स रेजिमेंट, ऑक्सफर्ड, सर, ऑर्डर ऑफ अमुक. सरकारी इतिहासही लिहिलाय म्हणे. सरकारच्या पगारावर लिहिलेला इतिहास आणि दरबारी बखर यात फरक काय? आणि भारताबद्दल किती लिहिलंय ते सांगा.

सुमेधा_एडिनबरा

कटकट्या, सरकारी इतिहासाबद्दल विचारलंत तर एक किस्सा सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मनांना कसं फसवलं, डबल एजंट, खोट्या फौजा वगैरे, याचा अधिकृत इतिहास हॉवर्डना लिहायला दिला होता. सगळी गुप्त कागदपत्रं उघडून दिली, पुस्तक १९८० च्या सुमारास तयार झालं, आणि पंतप्रधान थॅचरबाईंनी अडवलं. नुकतंच अँथनी ब्लंट हा नामांकित कलेतिहासकार रशियाचा हेर होता हे बाहेर आलं होतं, हेरखात्याबद्दल अजून काही छापायला नको म्हणून. शेवटी १९९० ला आलं. दरबारी बखर असती तर दरबारानेच दहा वर्षं कपाटात कशाला ठेवली असती.

भारताबद्दल वेगळं असं फार नाही हे खरं. पण 'द काँटिनेंटल कमिटमेंट' (१९७२) नावाचं छोटं पुस्तक आहे त्यात भारत सारखा येतो, वेगळ्या बाजूने. ब्रिटनचं लष्कर कशासाठी, साम्राज्य म्हणजे मुख्यतः हिंदुस्थान सांभाळायला की युरोपात जर्मनीला अडवायला, आणि दोन्हीला पैसा पुरत नाही, ही ओढाताण दोन महायुद्धांच्या काळात कशी चालली ते त्यात आहे. आपण साम्राज्याकडे लूट म्हणून बघतो (बरोबरच आहे), पण व्हाइटहॉलमधल्या, म्हणजे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या, जनरलला ते ओझंही वाटत होतं हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आणि बारगीर, तुम्ही एक गोष्ट सोडलीत. हॉवर्ड समलिंगी होते. इंग्लंडात १९६७ पर्यंत हा गुन्हा होता, म्हणजे किंग्जमधला विभाग उभा करत होते, संरक्षण खात्यात उठबस होती, तो सगळा काळ उघड व्हायची भीती घेऊन. पुढे आयुष्यभराचा जोडीदार मिळाला आणि २००६ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, दोघांनी सिव्हिल पार्टनरशिप केली. आत्मचरित्रात हेही लपवलेलं नाही. साहेब म्हणून एका फटक्यात निकालात काढण्याइतकं सोपं आयुष्य नव्हतं ते.

उनाड_पाखरू

जॉन कीगन राहिला की! माझ्या मते हॉवर्डपेक्षा वाचायला दसपट मजा. 'द फेस ऑफ बॅटल' ज्याने वाचलं नाही त्याने युद्धावर बोलू नये.

सुमेधा_एडिनबरा

@उनाड_पाखरू, येणारच होते तिकडे. कीगन बरोबर उलटा माणूस. १९३४ चा जन्म, तेराव्या वर्षी हाडांचा टीबी झाला, वर्षानुवर्षं हॉस्पिटलात, पाय कायमचा अधू. फौजेत जाणं शक्यच नव्हतं. आणि हा १९६० पासून २६ वर्षं सँडहर्स्टला, म्हणजे होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांना, युद्धाचा इतिहास शिकवत होता. म्हणून ते पुस्तक सुरूच होतं ते आपण कधी लढाईत नव्हतो, लढाईच्या जवळपासही नव्हतो या कबुलीने. मग त्याने अ‍ॅजिनकोर्ट, वॉटर्लू आणि सोम या तीन लढाया घेऊन एवढंच विचारलं की तिथे उभ्या असलेल्या साध्या शिपायाला काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, तो पळून का गेला नाही.

योगायोग बघा, १९७६ मध्येच कीगनचं हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी हॉवर्ड-पॅरेटचं क्लाउझेविट्झ. ज्याने लढाई पाहिली तो लढाईच्या बाहेर बघायला सांगतो, ज्याने पाहिली नाही तो लढाईच्या आत घुसतो. पुढे १९९३ मध्ये कीगनने क्लाउझेविट्झवर तोफ डागली, की युद्ध हे राजकारणाचंच पुढचं पाऊल वगैरे सगळं खोटं, युद्ध ही मुळात संस्कृतीची गोष्ट. त्यावर क्लाउझेविट्झच्या अभ्यासकांनी त्याची चांगलीच झाडाझडती घेतली, आणि मला वाटतं त्यांचंच बरोबर होतं. कीगन सैनिकावर लिहितो तेव्हा त्याला तोड नाही, सिद्धांत मांडायला लागला की घसरतो.

नर्मदेतला_गोटा

या मंडळींच्या आधीचा एक बाप माणूस आहे, हान्स डेलब्रुक, बर्लिनचा प्रोफेसर. स्वतः १८७० च्या युद्धात लढलेला. त्याने काय केलं तर जुन्या ग्रंथांतले फौजेचे आकडे घेऊन बसला आणि हिशोब मांडला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की ग्रीसवर चालून आलेल्या इराणच्या झर्क्सिस बादशहाबरोबर बाजारबुणगे धरून पन्नास लाखांवर माणसं होती. डेलब्रुक म्हणाला, बरं, एवढी माणसं एका रस्त्याने चालवून दाखवा. रांग इतकी लांब होईल की पुढचा माणूस ग्रीसमध्ये थर्मोपिलीला पोचेल तेव्हा शेवटचा इराणात सूसाहून निघत असेल. झालं, आकडा खलास.

आता हाच हिशोब आपल्या बखरींना लावा. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, चिल्लर खुर्द्याची गणती नाही, हे पत्र म्हणून काळजाला भिडतं पण ती शिरगणती नव्हे. पानिपतच्या छावणीत लढणारे किती, बुणगे किती, यात्रेकरू किती, घोडे-बैल किती, आणि एवढ्या जनावरांना रोज वैरण आणायची तर किती कोसांचा मुलूख हातात पाहिजे, हा प्रश्न विचारला की भाऊ-होळकर भांडण आपोआप मागे पडतं. लोक आधी उपाशी पडले, मग लढले.

आणि आपल्याकडे असं कुणी केलंच नाही असं नाही. इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, त्यांचं पानिपतवरचं इंग्रजी पुस्तक १९४६ चं आहे. पराभवाचं सगळं खापर भाऊसाहेबांवर फोडायची जी जुनी सवय होती ती त्यांनी कागद तपासून मोडली आणि मोठं राजकारण समोर ठेवलं. तिरसट लिहायचे, मोठमोठ्यांना शिंगावर घ्यायचे. गेल्यानंतर साहित्य अकादमी मिळालं, तेही शिवछत्रपतींवरच्या नुसत्या प्रस्तावना आणि आराखड्याला, मूळ चरित्र लिहून व्हायचं राहूनच गेलं.

बारगीर

गोटेराव, जियो. शेजवलकरांवर वेगळा धागा तुम्हीच काढा, आम्ही रांगेत बसतो.

हॉवर्डचे तीन नियम आपल्याकडच्याच लढाईला लावून बघू. असई, २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळ. शाळेत काय शिकलो, तर वेल्स्लीने कैलना नदीचा उतार हेरला, बाजूने घुसला, शिंदे-भोसल्यांची मोठी फौज थोड्या माणसांनी उधळली. ही झाली आखीव गोष्ट. आता खोली बघा: इंग्रजांचे जखमी-मेलेले मिळून दीड हजारावर, प्रत्यक्ष लढलेल्यांतला सुमारे तिसरा हिस्सा, आणि हे मुख्यतः शिंद्यांच्या तोफांनी केलं, गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, जागेवर मेले. वेलिंग्टनला म्हातारपणी सगळ्यात चांगली लढाई कुठली विचारलं तर वॉटर्लू न सांगता असई म्हणाला असं सांगतात.

आणि संदर्भ. रँडॉल्फ कूपर नावाच्या अभ्यासकाचं २००३ चं पुस्तक आहे इंग्रज-मराठा मोहिमांवर. तो म्हणतो तोफा, कवायत, तंत्र यात मराठे मागे नव्हतेच. फरक पडला पैशात आणि उधारीत. कंपनीने जाहीरनामे काढून शिंद्यांचे गोरे अधिकारी ऐन वेळी फोडले, बैल, धान्य, भाडोत्री शिपाई यांचा बाजार ताब्यात घेतला. म्हणजे सेडानसारखंच, निकाल बराचसा आधीच लागत आला होता.

फौजीअण्णा

कूपरचं म्हणणं मला पटतं अर्धं. गोरे अधिकारी गेले तरी ते गोलंदाज उभे राहिलेच ना. पगार थकलेला, साहेब पळालेला, आणि माणूस तोफेला चिकटून मरतो, हे कुठल्या बाजारात बसतं? तिथे तुमचा तो अधू पायाचा कीगन जास्त कामाचा.

कटकट्या

अण्णांना +१. आणि सुमेधाताई, थॅचरचा किस्सा आवडला, एवढं मान्य करतो. पण हे इतिहासकार नंतर सरकारचे सल्लागार होतात आणि मग युद्धाला हो म्हणतात, त्याचं काय?

सुमेधा_एडिनबरा

कीगनच्या बाबतीत खरंय, १९८६ नंतर डेली टेलिग्राफचा संरक्षण प्रतिनिधी झाला आणि इराक युद्धाच्या बाजूनेच लिहीत होता. हॉवर्ड नाही. ११ सप्टेंबरनंतर अवघ्या काही आठवड्यांत, ऑक्टोबर २००१ मध्ये, लंडनला लष्करी श्रोत्यांसमोर उभे राहून म्हणाले की दहशतवादाविरुद्ध 'युद्ध' पुकारणं ही घोडचूक आहे. युद्ध म्हटलं की त्या खुन्यांना सैनिकाचा दर्जा मिळतो, आणि लोकांना लगेच मोठी विजयी लढाई बघायची असते. हे काम पोलिसांचं आणि हेरखात्याचं, हळूहळू, गाजावाजा न करता करायचं. मलाया आणि आयर्लंडमध्ये ब्रिटिशांना बंडखोरांशी लढताना आलेला अनुभव त्यांनी समोर ठेवला होता. तेव्हा हे ऐकून घ्यायची फार कुणाची तयारी नव्हती.

नवखा_वाचक

मी एफवायला आहे, आर्ट्स. हे सगळं वाचून डोकं गरगरलं पण इंटरेस्ट आला. सुरुवात कुठून करू? आणि आपल्याकडे हे शिकता येतं का?

बारगीर

पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे, एमए करता येतं, चौकशी कर. मात्र तिथे भर चालू घडामोडी आणि धोरणावर जास्त, इतिहास स्वतः वाचावा लागेल. पहिलं पुस्तक हॉवर्डचंच 'वॉर इन युरोपियन हिस्टरी' घे, दीडशेच्या आसपास पानं, सरंजामी सरदारांपासून अणुबाँबपर्यंत, एकेका प्रकरणात कोण लढत होतं आणि त्याचा पगार कोण देत होता ते सांगत जातो. १८७० वालं एकदम उचलू नकोस, जाडजूड आहे आणि नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

नर्मदेतला_गोटा

आणि मोडी शिक बाबा. इंग्रजी पुस्तकं कुणीही वाचेल. पुण्याला पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच्या रुमाल (गठ्ठे) पडलेत, त्यात वैरणीचे, बारुदाचे, तोफा ओढणाऱ्या बैलांचे हिशोब आहेत. खोली तिथे मिळेल.

नवखा_वाचक

मोडीचा क्लास ऑनलाइन असतो का कुठे?

नर्मदेतला_गोटा

व्यक्तिगत निरोप केलाय.